माउंटखालचं नाव

संपादकांनी पत्रात लिहिलंय, ‘दुकानात आलेल्या गमतीदार गिऱ्हाइकांबद्दल लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं आवडतं.’ भिवंडीत मी एकतीस वर्षं फोटोफ्रेमचं दुकान चालवलं, तेव्हा गमतीदार गिऱ्हाइकं पुष्कळ आली. त्यातली दोन सांगतो. नंतर मात्र जे सांगायचंय ते गमतीदार नाही. संपादकांना ते नको असेल तर त्यांनी खुशाल कापावं.

आमच्या गावात फ्रेमवाल्याकडे लोक यायचे ते देवाचा फोटो घेऊन, लग्नाचा घेऊन, नाहीतर गेलेल्या माणसाचा घेऊन. एकदा एक लूमवाले हाजीसाहेब मक्केची जरीत विणलेली तसबीर घेऊन आले. म्हणाले, “इसमें एक भी कील नहीं चाहिए. अल्लाह के घर को कील कैसे ठोकोगे?” मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि सागाच्या पट्टीला खाचा पाडून, लाकडी खुंट्या आणि सरस वापरून फ्रेम जोडली. लोखंडाचा कण नाही. हाजीसाहेबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि पुढे दहा वर्षं त्यांच्या सगळ्या नातेवाइकांची कामं माझ्याकडे आली. दुसरा एक आझमगडकडचा लूम कामगार. बायकोचा पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो आणि हवी हातभर लांबीची फ्रेम. मी म्हटलं, “फोटो इतना सा, और फ्रेम इतनी बड़ी?” तो म्हणाला, “एक खोली में बीस आदमी सोते हैं भाई. मेरी खाट कोने में है. वहाँ से दिखना चाहिए कि कहाँ टँगी है.” मी हसलो होतो. फ्रेम केली तेव्हा हसू आलं नाही.

चौऱ्यायशीच्या दंगलीनंतर दुकान उघडलं तेव्हा महिनाभर फक्त गेलेल्यांचेच फोटो आले. कुणी ओळखपत्रावरचा सोलून आणलेला, कुणी लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून आणलेला. दोन्हीकडची माणसं एकाच बाकावर एकमेकांकडे न बघता बसायची. काळी पट्टी संपली तेव्हा मी साधी पट्टी काळी रंगवून दिली. त्या महिन्यात मी कुणाशी काही बोललो नाही. मला वाटतं, गप्प बसायची सवय मला तिथेच लागली असावी. की ती आधीपासूनच होती, कोण जाणे.

खरी चित्रं, म्हणजे माणसानं हातानं काढलेली, माझ्याकडे आणणारा माणूस एकच. देवस्थळी सर. इथल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. जनार्दन देवस्थळी असं पूर्ण नाव ते चित्रावर लिहायचे, तेही वळणदार. दर रविवारी सायकलवर रंगांची पेटी बांधून अंजूरच्या खाडीवर, नाहीतर एसटीनं वज्रेश्वरीकडे भातशेतं काढायला. माउंट म्हणजे काय ते मला त्यांनी शिकवलं.

माउंट म्हणजे जाड पुठ्ठा. त्याच्या मधोमध खिडकी कापायची, कडा आत तिरपी उतरेल अशी. चित्र त्या खिडकीतून दिसतं. जलरंगाच्या कागदाला काच टेकली तर पावसाळ्यात कागद दमट होऊन बुरशी धरतो. माउंटमुळे मध्ये जरा हवा राहते. चित्राच्या चारी कडा थोड्या माउंटखाली जातात आणि माउंटची खालची बाजू वरच्यापेक्षा जरा रुंद ठेवायची असते, नाहीतर चित्र भिंतीवरून घसरल्यासारखं दिसतं. चित्र पुठ्ठ्याला चिकटवायचं नाही. वरच्या बाजूनं कागदाच्या दोन पट्ट्यांवर टांगायचं, म्हणजे कधीही काढता येतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सरांच्या पुढाकारानं दरवर्षी डिसेंबरात वाचनालयाच्या हॉलमध्ये सहा-सात चित्रकारांचं मिळून प्रदर्शन भरायचं. समुद्रकाठाची आणि गावाकडची निसर्गचित्रं. ठाण्याच्या बँकेतल्या एक बाई केळव्याचा किनारा काढायच्या, कल्याणचे एक डॉक्टर वसईच्या होड्या. बाकी भाताची खाचरं, मिठागरं, पावसात भिजलेले गवताचे उडवे. फ्रेमा माझ्या आणि चित्रं लावायचो पण मीच. सुतळी ताणून सगळ्या चित्रांचा मध्य एका रेषेत आणायचा, वरची कड नव्हे. हे मुंबईतसुद्धा सगळ्यांना जमत नाही. उद्घाटनाच्या भाषणात सर माझं नाव घ्यायचे. “वसंतराव नुसते फ्रेमवाले नाहीत, कलावंत आहेत,” असं म्हणायचे. माझे वडील नगरपालिकेत कारकून होते. मी दुकान टाकलं तेव्हा त्यांनी महिनाभर अबोला धरला होता. त्यामुळे ‘कलावंत’ हा शब्द भर सभेत ऐकला की मला काय व्हायचं ते मी सांगू शकत नाही.

सरांची चित्रं दुकानात आणायचा तो जानू. शाळेतला शिपाई. गणेशपुरीच्या वरच्या अंगाला एका वारली पाड्यावरचा. तिशीतला, दोन मुलांचा बाप. शनिवारी घरी जायचा, सोमवारी पहिल्या एसटीनं यायचा. एरवी शाळेच्या मागच्या खोलीत राहायचा. सरांचे ब्रश धुता धुता हा माणूस रंगवायला शिकला. सरांनी त्याला कागद दिले, रंग दिले, चुका दाखवल्या. रविवारी त्याला बरोबर नेऊ लागले. हे सरांचं चांगलं, ते मी लपवणार नाही.

एकदा सरांच्या चित्रांबरोबर जानूनं आपलं एक चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं. “भाऊ, तुम्ही बघा. फ्रेम न्हाय करायची. नुसतं बघा.”

अंजूरची खाडी होती. ओहोटीची. पाणी लांब गेलेलं, चिखल उघडा पडलेला आणि त्यात एक डोंगी, लहानशी होडी, कुशीवर कललेली. मी खाडीकाठी वाढलेला नाही, पण चिखलाला इतके रंग असतात हे मला त्या दिवशी कळलं. खाली उजव्या कोपऱ्यात निळ्या रंगात ‘जानू’ लिहिलेलं, शाळेतल्या पोरासारख्या अक्षरात.

“सरांनी बघितलं?” मी विचारलं.

“बघितलं. लई वेळ बघत व्हते. मग म्हणले, राहू दे माझ्याकडं. तुम्हाला दावून त्यांनाच देतो.”

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असावी. त्या वर्षी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मुंबईचे एक नावाजलेले चित्रकार येणार होते. चांगली चित्रं दिसली तर मुंबईत प्रदर्शन भरवायला मदत करीन, असं त्यांनी कळवलं होतं. आणि नेमका सरांचा हात गेलेला. दोन वर्षांपासून उजवा हात कापायचा. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे. दुकानात सगळ्यांना दिसायचं, पण कुणी बोलायचं नाही.

आठ दिवस आधी सर स्वतः आले. जानू बरोबर नव्हता. सहा चित्रं होती. पाच जुनी, मी आधी एकदा फ्रेम केलेली. सहावी ती खाडी.

“वसंतराव, ह्याचा माउंट खालून जरा वर घ्या.”

“सर, सही झाकली जाईल.”

“माझी मी वर करतो,” असं म्हणून ते माझ्या टेबलाशी बसले, खिशातून ब्रश काढला आणि डाव्या बाजूला, चिखलात, ‘ज. देवस्थळी’ असं लिहिलं. लिहायला फार वेळ लागला. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो.

उठताना ते म्हणाले, “हात त्याचा आहे. डोळा मी दिलाय त्याला. समजलं ना?”

मी समजलो म्हटलं. आणि संध्याकाळच्या आत माउंट कापून टाकला. खालची पट्टी नेहमीपेक्षा इंचभर रुंद. दिसायला सुरेख दिसत होता, तेवढा सुरेख माउंट मी त्या वर्षात दुसरा कापला नव्हता. मनाशी म्हटलं, गुरु-शिष्यांचं आहे, त्यांनी आपसांत ठरवलं असेल. जानूला विचारायला शाळा काही लांब नव्हती. मी गेलो नाही.

दोन दिवसांनी जानूच दुकानात आला, पट्टीचे तुकडे मागायला. मी त्याच्या चित्राचा विषय काढला नाही. तोच म्हणाला, “सरांनी सांगितलंय, उद्घाटनाला दारात बसून वारली काढ. पावण्यांना आवडंल. गेरू आणि पांढरा रंग आणून दिलाय.”

“मग काढ की.”

“मला कुठं येतं? आमच्यात ते बाया काढतात, लग्नाच्या टायमाला. माजी आय काढते. मी कवा काढलं?” आणि हसला. “सरांना सांगितलं तर म्हणले, बघून बघून काढ.”

रविवारी सकाळी अकराला उद्घाटन झालं. दारात एका टेबलापाशी जानू बसला होता. स्वच्छ पांढरा शर्ट, पुढ्यात गेरूनं रंगवलेला कागद, त्यावर दोन-चार त्रिकोणी माणसं, ओळखू येतील न येतील अशी. पाहुण्यांनी वाकून कौतुक केलं आणि आत गेले. फीत कापली, दिवा लावला. मग पाहुणे एकेका चित्रापुढे फिरू लागले आणि खाडीपुढे थांबले ते थांबलेच.

“देवस्थळी,” ते म्हणाले, “बाकीची तुमची चित्रं छान आहेत. पण हे वेगळंच आहे. हा चिखल काढायला तुम्हाला किती वर्षं लागली?”

सर म्हणाले, “आयुष्य गेलं म्हणा.”

चहाचा ट्रे घेऊन जानू आत आला होता. त्यानं ट्रे खिडकीत ठेवला आणि चित्रापाशी आला. माझ्या शेजारीच. त्याचा आवाज चढलेला नव्हता, हे मला पक्कं आठवतं.

“सर, ही माजी खाडी हाय.”

सर हसले. पाहुण्यांना म्हणाले, “हा आमचा जानू. माझ्याबरोबर खाडीवर यायचा, पेटी धरायला. त्यामुळे त्याला आपलीच वाटते.”

दोघे-चौघे हसले. जानू नाही हसला. “न्हाय सर. खाली कोपऱ्यात माजं नाव हाय. पुठ्ठ्याखाली. भाऊंना विचारा, त्यांनीच फ्रेम केली.” मग माझ्याकडे वळला. “भाऊ, खोला जरा. पक्कड हाय ना तुमच्याकडं?”

पक्कड माझ्या पिशवीत होती आणि पिशवी माझ्या खांद्याला. मागचे आठ खिळे उपसायचे, पुठ्ठा काढायचा, माउंट उचलायचा. पाच मिनिटांचं काम. हॉलमध्ये वीस-बावीस माणसं असतील, सगळी माझ्याकडे बघत होती. सर बघत नव्हते. सरांनी उजवा हात खिशात घातला होता आणि खिसा थरथरत होता.

मी म्हणालो, “आता खोलता येणार नाही. चिकटवलंय. कागद फाटेल.”

इथे थांबलो असतो तर निदान अर्धंच खोटं झालं असतं. पण पाहुण्यांनी विचारलं, “तुम्ही काय पाहिलंत? आहे नाव?”

“नाही,” मी म्हणालो. “खाली काही नाही.”

जानू माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. एखाद्या ओळखीच्या दुकानाच्या जागी दुसरंच काही उघडलेलं दिसावं, तसा. पाहुण्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमानं म्हणाले, “अरे, तुमच्याकडे केवढी मोठी परंपरा आहे! आज जगभर मान आहे वारलीला. हे पाश्चात्त्य पद्धतीचं तुझं काम नव्हे. तू तुझं काढ.”

जानूनं ट्रे उचलला, उरलेले कप सगळ्यांना दिले आणि बाहेर गेला. दुपारी बघितलं तर टेबलावर गेरूचा कागद तसाच होता. तो निघून गेला होता.

शाळेनं त्याला माफीनामा लिहायला सांगितला. पाहुण्यांसमोर वडीलधाऱ्या शिक्षकांचा अपमान केला म्हणून. मजकूर लिहून तयार होता, खाली फक्त सही करायची होती. हेडक्लार्क माझ्या ओळखीचा, त्यानं नंतर मला सांगितलं. जानूनं कागद वाचला, शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा आणि रंगांची पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “रंग सरांचे हायेत.” पर्मनंट नोकरी होती. त्याच्या पाड्यावरची पहिली. आठ दिवसांत दुसरा शिपाई आला.

मुंबईच्या पाहुण्यांचं महिन्याभरात पत्र आलं. ‘त्या खाडीसारखी दहा-बारा चित्रं असतील तर आणा, पुढचं बघू.’ पत्र घेऊन सर माझ्याकडे आले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

“वसंतराव, तुम्ही जाऊन या त्याच्याकडे. तुमचं ऐकेल तो. म्हणावं, नोकरीचं मी बघतो. आणि घरी काही काढलेलं असेल तर...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मी गेलो. म्हणजे एसटीनं गणेशपुरीपर्यंत गेलो. आश्रमात जाणारी माणसं उतरली, त्यांच्याबरोबर मीही उतरलो. पाड्याकडे जाणारी वाट शेतांमधून वर जाते, ती स्टँडवरून दिसते. मी टपरीवर चहा घेतला. आणखी एक घेतला. पहिल्या वाक्यात काय बोलायचं ते मला सुचेना. परतीची बस आली तेव्हा मी तिच्यात बसलो. सरांना सांगितलं, “भेटला नाही. कामाला बाहेरगावी गेलाय म्हणतात.”

मुंबईचं प्रदर्शन कधीच झालं नाही. सरांनी ते चित्र विकलंही नाही. घरी बाहेरच्या खोलीत लावलं होतं. मी जायचो तेव्हा सर त्याच्याकडे पाठ करूनच खुर्चीत बसलेले असायचे. आम्ही दोघांनी त्या चित्राबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. इतर पुष्कळ बोलायचो. माणसं एकमेकांना असंही सांभाळून घेतात.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा सर गेले. तोवर अंजूरला भराव पडायला लागले होते, गोडाऊनं उभी राहत होती. सरांच्या मुलीनं, सुनीतानं, त्यांच्या स्मरणार्थ वाचनालयातच प्रदर्शन ठरवलं. जुन्या फ्रेमा खराब झाल्या होत्या. “वसंतकाका, सगळे माउंट नवीन करा,” म्हणाली.

खाडीची फ्रेम मी सगळ्यात शेवटी खोलली. निळ्या अक्षरातलं नाव होतं तसं होतं. या वेळी मी माउंट खालून नेहमीएवढाच ठेवला. दोन्ही सह्या दिसत होत्या. चित्र मी दारासमोरच्या भिंतीवर लावलं, मधोमध.

लोक आले. कौतुक झालं. तासाभरानं एका तरुण शिक्षिकेनं वाकून विचारलं, “हे कोपऱ्यात जानू कोण?”

सुनीता म्हणाली, “बाबांचंच लाडकं नाव. आजी त्यांना जानू म्हणायची. जनार्दनचं जानू.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती खोटं बोलत होती असं मला अजूनही वाटत नाही. आजी म्हणतही असेल.

तेव्हा मी बोललो. मोठ्यानं. म्हणालो, “नाही. जानू म्हणजे आपल्या शाळेचा शिपाई. हे चित्र त्याचं आहे. मी त्याचं नाव झाकलं होतं, आणि याच हॉलमध्ये खोटं बोललो होतो.”

प्रदर्शनाचे अध्यक्ष माझा दंड धरून मला खिडकीपाशी घेऊन गेले. “वसंतराव, आज श्रद्धांजलीचा दिवस आहे. माणूस गेला. तुम्हीही थकलाय.” सुनीता नुसती म्हणाली, “काका, तुम्ही?” दुसऱ्या दिवशी गेलो तर त्या भिंतीवर केळव्याचा किनारा होता. मध्य चुकलेला. खाडी कुठे गेली ते मी विचारलं नाही. त्यानंतर त्या मंडळींपैकी कुणी माझ्याकडे काम आणलं नाही आणि सुनीता रस्त्यात दिसली तर पलीकडच्या फुटपाथवर जाते.

माउंट नवीन करताना मी त्या चित्राचा फोटो काढून घेतला होता. तो मोठा करून घेतला, चांगल्या सागाच्या पट्टीत बसवला आणि गणेशपुरीची एसटी धरली. या वेळी चहा घेतला नाही. थेट वर गेलो.

जानू अंगणात भात झोडत होता. केस पांढरे झालेले. त्यानं मला लगेच ओळखलं. “या भाऊ. बसा.” बायकोला कोरा चहा ठेवायला सांगितला. मी कागद सोडून फ्रेम त्याच्यापुढे धरली. त्यानं हात धोतराला पुसले आणि ती घेऊन उजेडाकडे वळवली.

“चिखल हिरवट आलाय फोटोत,” तो म्हणाला. “असा नव्हता.”

“तू काढतोस का अजून?”

“न्हाय.”

मी त्याला सगळं सांगितलं. सर गेले ते, प्रदर्शन, त्याचं नाव, मी सगळ्यांसमोर काय बोललो ते. माझं संपलं तेव्हा तो म्हणाला, “तवा मी विचारलं व्हतं, भाऊ. आता कुणी विचारलं?”

काहीतरी करायचं म्हणून मी पिशवीतून हातोडी आणि खिळा काढला. “कुठे लावू सांग. मी लावून जातो.”

जानूनं फ्रेम पुन्हा कागदात गुंडाळली, सुतळी बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“कुडाची भित हाय,” तो म्हणाला. “खिळा न्हाय धरत.”

मग चहा आला. आम्ही दोघांनी तो घेतला, आणि मी फ्रेम काखेत धरून साडेतीनच्या बससाठी खाली उतरलो.